मुलांना प्रवेश नसलेले घर

गोव्यात राहणारा माणूस सहसा पणजीत हॉटेलात उतरत नाही. फोंड्याहून पणजी जेमतेम तासाभराच्या वाटेवर आहे; सरकारी कचेरीतले काम असो, कला अकादमीतला नाट्यस्पर्धेचा प्रयोग असो किंवा बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, दाखल असलेल्या एखाद्या नातेवाइकाची विचारपूस असो, रात्रीच्या जेवणाला घरी परतता येते. आणि नाहीच परतता आले, तर पणजीच्याच मळा किंवा सांतइनेज भागात कुणाचे तरी घर असतेच, जिथे न उतरणे हा त्या घराचा अपमान मानला जातो. त्यामुळे आम्ही दोघांनी ऐन श्रावणात पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या भागातल्या एका छोट्या, देखण्या हॉटेलात मुक्काम करायचे ठरवले, तेव्हा घरातली पहिली हरकत खर्चाची नव्हती, मळ्यातल्या मावशीला काय सांगायचे याची होती. दुसरी हरकत नणंदेने काढली. हॉटेलच्या माहितीत अठरा वर्षांखालील पाहुण्यांना प्रवेश नाही असे स्पष्ट लिहिले होते, आणि ते वाचून ती म्हणाली, “वहिनी, पोरांना बंदी घालणाऱ्यांच्या दारात तुम्ही पैसे देऊन जाणार?”

आमची मुले मोठी झाली, नोकऱ्यांसाठी बाहेर गेली, तेव्हा हा नियम आमच्या आड येण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही तो मनात रुतून बसला, कारण आमच्याकडच्या प्रवासाची सगळी कल्पनाच मुलांभोवती उभी असते. कुळदेवतेच्या जत्रेपासून महाबळेश्वरपर्यंत कुठेही जायचे ठरले की आधी शाळेच्या सुट्ट्या पाहिल्या जातात. मुलांना वगळून आखलेली जागा श्रीमंतांचा नखरा असावी, असे मलाही जाण्यापूर्वी वाटत होते. तिथे राहिल्यावर मात्र त्या नियमाची निम्मी कारणे मला त्या घराच्या भिंतींत दिसली आणि उरलेली निम्मी गोव्याच्या वारसाहक्काच्या कायद्यात.

फोंतेन्हास हा भाग आल्तिनोच्या टेकडीच्या पायथ्याशी, ओरें खाडीच्या काठाने लांबट पसरलेला आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही सगळी दलदल आणि माडांची बागायत होती. मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परतलेल्या आणि म्हणूनच लोकांत ‘मोसमीकर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या अंतोनियो जुआंव द सिकेरा नावाच्या गोवेकराने ती लागवडीखाली आणली होती. पोर्तुगीज व्हाइसरॉयने आपला मुक्काम १७५९ साली पणजीत, आदिलशहाच्या जुन्या वाड्यात हलवला, आणि १८४३ साली पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. कारभारामागून कारकून, वकील, नोटरी आणि व्यापारी आले. त्यांनी या चिंचोळ्या पट्ट्यात एकमेकांना खेटून घरे बांधली. म्हणजे आज ज्याला आपण मोठ्या कौतुकाने ऐतिहासिक वस्ती म्हणतो, ती मुळात नोकरदार मध्यमवर्गाची, मुलाबाळांनी भरलेली वस्ती होती. येथे महाल नाहीत. रस्ता इतका अरुंद आहे की समोरच्या बाल्कनीतल्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते.

आमचे हॉटेल अशाच एका दुमजली घरात होते. त्याचे नाव देत नाही, कारण पुढे काही उणेही लिहिणार आहे. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींना पिवळा रंग आणि कडांना पांढऱ्या पट्ट्या होत्या. पोर्तुगीज अमदानीत निव्वळ पांढरा रंग चर्चसाठी राखून ठेवलेला असे आणि घरांना दर पावसाळ्यानंतर रंग द्यावा लागे, असे जुनी माणसे सांगतात. श्रावणात जाणाऱ्याला त्यामुळे ही घरे त्यांच्या सर्वांत वाईट अवस्थेत दिसतात, म्हणजे रंग ओघळलेले, पागोळ्यांखाली शेवाळ धरलेले, ओल भिंतीवर हातभर चढलेली. मला ती तशीच अधिक आवडली. डिसेंबरात ताज्या रंगाने नटलेला तोच रस्ता फोटो काढण्यासाठी मांडल्यासारखा वाटतो.

आत शिरताच स्वागतकक्ष असा वेगळा नव्हता. जुन्या दिवाणखान्यात शिसवी टेबलामागे एक तरुण मुलगी बसली होती आणि तिने आमची ओळखपत्रे पाहून घेत कोकम सरबताचे पेले पुढे केले. खोल्या मोजक्याच होत्या. आमची वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला होती. खांबांचा पलंग, वेताने विणलेली आरामखुर्ची, पायाखाली लाकडी पाटाव, खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागात शिंपल्यांची तावदाने. काच महाग होती त्या काळात गोव्यातली घरे चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे लाकडी चौकटीत बसवून खिडक्या बनवत. त्यांतून येणारा उजेड दुधाळ असतो, ऊन डोळ्यांवर येत नाही, आणि बाहेरच्याला आतले काही दिसत नाही. खिडकीच्या जाड भिंतीतच समोरासमोर दोन बैठका कोरलेल्या होत्या. तिथे बसून पाऊस पाहण्यात आमची दुपार गेली. खोलीत दूरचित्रवाणी संच नव्हता, आणि तो नाही हे आमच्या संध्याकाळपर्यंत लक्षातही आले नाही.

लक्षात आले ते वेगळेच. शेजारच्या खोलीतल्या गृहस्थाने चष्म्याची डबी बंद केली, तेव्हा तिचा खट्ट आवाज आम्हाला ऐकू आला. गोव्यातल्या अनेक जुन्या घरांत आतल्या भिंती छपरापर्यंत नेत नाहीत. दमट हवा खोल्याखोल्यांतून फिरावी आणि मंगळुरी कौलांच्या फटींतून वर निघून जावी, म्हणून भिंतीच्या माथ्यावर मोकळी जागा सोडलेली असते. त्या जागेतून वाऱ्याबरोबर घरातले एकूण एक बोलणेही फिरते. फोंडा तालुक्यातल्या आमच्या मूळ घरातही हीच रचना आहे, आणि लहानपणी माजघरात झोपून राजांगणापलीकडे, म्हणजे घराच्या मधल्या चौकापलीकडे, चाललेली मोठ्यांची भांडणे आम्ही याच वाटेने शब्दशः ऐकली आहेत. या हॉटेलने वातानुकूलनासाठी खोल्यांना लाकडी छत दिले आहे. पण फळ्यांमधून आवाज जातोच, आणि वरच्या मजल्यावर कुणी पाऊल टाकले तर खालच्याला ते मोजता येते. व्यवस्थापक साळगावकडचे होते आणि मराठी उत्तम बोलत होते. त्यांना मी या नियमाबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी शांतता, विश्रांती वगैरे जाहिरातीतले शब्द एकदाही वापरले नाहीत. ते म्हणाले, “एक मूल रात्री रडले तर सगळे घर जागे होते. भिंती वाढवायची परवानगी मिळत नाही, आणि मिळाली तरी हवा मरेल.” मग त्यांनी आम्हाला जिना दाखवला. तो उभा, पायऱ्या अरुंद आणि झिजून गुळगुळीत झालेल्या. बाल्कनीचे लोखंडी कठडे नक्षीदार खरे, पण गजांत एवढे अंतर की दोन वर्षांचे मूल सहज पलीकडे जाईल. मागच्या अंगणात विहीर आहे आणि तिचा कठडा गुडघ्याएवढा आहे. यांतले काहीही बदलायचे तर जुने घर जुने राहत नाही, आणि न बदलता लहान मुलांना घ्यायचे तर जबाबदारी कोण घेणार?

हे उत्तर मला पटले. एका बाबतीत मात्र मी त्यांच्याशी सहमत नाही. कठडे, विहीर आणि जिना ही कारणे पाच वर्षांच्या मुलाला लागू पडतात. सोळा वर्षांच्या, पुस्तक घेऊन खिडकीत बसणाऱ्या मुलीला ती लागू पडत नाहीत. अठराची रेषा घराने आखलेली नाही, ती बाजाराने आखली आहे. कॅरिबियन बेटांवर, विशेषतः जमैकात, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून केवळ जोडप्यांसाठी हॉटेले निघू लागली. पुढे भूमध्य समुद्राकाठच्या पर्यटनस्थळांनी केवळ प्रौढांसाठी असा वेगळा वर्गच तयार केला, आणि तोच आता आपल्याकडे आला आहे. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे आणि हॉटेले यांत प्रवेश देताना धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान यांवरून भेद करण्यास मनाई आहे. त्या यादीत वय नाही. शिवाय पणजीला मुलांवरची बंदी नवी नाही. या हॉटेलपासून चालत पंधरा मिनिटांवर मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजे उभी आहेत आणि त्यांत २१ वर्षांखालील कुणालाही पाऊल ठेवता येत नाही. त्या बंदीबद्दल माझ्या नणंदेची काही तक्रार नाही.

वारसाहक्काचा भाग मला व्यवस्थापकांच्याच बोलण्यातून उलगडला, आणि माझ्या मते या सगळ्यातली खरी गंमत तिथे आहे. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही कौटुंबिक बाबींत तो चालूच राहिला. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या राज्य कायद्यात आला असला तरी तत्त्व तेच आहे. लग्न होताच, वेगळा करार केलेला नसेल तर, पतिपत्नी एकमेकांच्या मालमत्तेचे निम्म्याने धनी होतात. आईवडिलांना आपल्या मालमत्तेतील निम्मा हिस्सा मुलांपासून तोडता येत नाही, आणि मुलगा व मुलगी यांच्या वाट्यांत फरक नाही. मुलींच्या बाबतीत या कायद्याचा मला अभिमानच आहे. पण चार पिढ्यांनंतर एका घराचे काय होते? आजोबांची सात मुले, त्यांची मुले, त्या सर्वांचे जोडीदार, त्यांपैकी कुणी लिस्बनला, कुणी टोरांटोला, कुणी मुंबईत बांद्र्याला. घर विकायचे तर प्रत्येकाची आणि प्रत्येकाच्या जोडीदाराची सही हवी. दुरुस्त करायचे तर पैसे घालायला एकही तयार नाही, कारण ज्याचा वाटा तीसावा त्याने संपूर्ण छप्पर का शाकारावे? फोंतेन्हासमध्ये आजही फिरताना दोन रंगवलेल्या घरांमध्ये एखादे कुलूपबंद, छप्पर खचलेले, भिंतीतून पिंपळ उगवलेले घर दिसते, त्यामागे बहुधा असाच एखादा अपुरा राहिलेला वाटणीखटला असतो. आम्ही राहिलो ते घरही बरीच वर्षे असेच बंद होते. अखेर वारसांनी एकत्र येऊन ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने हॉटेलवाल्यांना दिले, आणि आता दरवर्षीचे भाडे सर्वांमध्ये वाटले जाते. अतोनात मुलांमुळे जे घर घर म्हणून टिकू शकले नाही, ते हॉटेल म्हणून टिकले, आणि त्यात आता मुलांना प्रवेश नाही.

अर्थात फोंतेन्हासमध्ये जुन्या घराचे हॉटेल करण्याची वाट काही या लोकांनी पाडली नाही. ३१ जानेवारी मार्गावरच्या ‘पणजी इन’ने ती १९८० च्या दशकातच दाखवली होती, आणि त्यानंतर या गल्ल्यांत अतिथिगृहे, चित्रदालने, कॅफे असे बरेच काही आले. जाता जाता, त्या रस्त्याच्या नावातली तारीख १८९१ साली पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरात झालेल्या प्रजासत्ताकवादी उठावाची आहे. मुक्तीनंतरही ती पाटीवर कायम राहिली.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही सेंट सेबॅस्टियन चॅपेलपर्यंत गेलो. आतला मोठा क्रूस मूळचा ओल्ड गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्मद्रोहाचे खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायासनाच्या, वाड्यातला. १८१२ साली तो पणजीला आदिलशहाच्या वाड्यात आला आणि १९१८ साली येथे. त्यावरच्या ख्रिस्ताचे मस्तक झुकलेले नाही, डोळे उघडे आहेत, आणि ज्या दालनातून तो आला त्याचा इतिहास ठाऊक असेल तर त्या नजरेसमोर फार वेळ उभे राहवत नाही. परतताना घरांच्या दारांवर, छायाचित्रे काढू नयेत अशा पाट्या दिसल्या. येथे अजूनही कुटुंबे राहतात, त्यांच्या पायऱ्यांवर अनोळखी माणसे सजूनधजून बसतात, आणि दुपारची झोप मोडते. आम्ही हॉटेलच्या बाल्कनीत चहा घेत असताना खालून एका जोडप्याने बेधडक आमच्यावर मोबाइल रोखला, तेव्हा त्या पाट्यांमागचा राग पुरता कळला. शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंना मी हॉटेलमुळे त्रास होतो का असे विचारले. त्यांचे उत्तर होते की हॉटेलचा नाही, हॉटेल बघायला येणाऱ्यांचा होतो.

रात्री मात्र प्रौढांच्या शांततेची परीक्षा झाली. आमच्या खालच्या खोलीत मित्रांचा एक चौघांचा गट होता. दिवसभर गुणी मुलांसारखे वागलेले हे चाळिशीतले गृहस्थ मध्यरात्रीनंतर फेणीच्या अमलाखाली जुनी हिंदी गाणी गाऊ लागले, आणि मोकळ्या माथ्याच्या त्या घराने त्यांचे प्रत्येक कडवे आमच्यापर्यंत इमानाने पोहोचवले. कुणी त्यांना आवरायला आले नाही. रात्रपाळीचा मुलगा बहुधा त्यांच्या वयाला बिचकला असावा. मुलांच्या रडण्याविरुद्ध एवढा कडक नियम असणाऱ्या जागेत मोठ्यांच्या गाण्याविरुद्ध मात्र लेखी काहीच नव्हते, हे मी दुसऱ्या दिवशी अभिप्रायाच्या वहीत सौम्य शब्दांत लिहिले.

पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला. हॉटेलचा आचारी रस्त्यावर उभा राहून गरम पोया, म्हणजे गोल पोकळ पाव, टोपलीतून निवडून घेत होता. न्याहारीच्या छापील यादीत ॲव्होकाडो, क्विनोआ वगैरे मंडळी होती, परंतु श्रावणी सोमवार असल्याने आम्ही शिवराक, म्हणजे शाकाहारी, होतो, हे कळताच त्या आचाऱ्याने यादी बाजूला ठेवून आतल्या कामगारांसाठी केलेली अळसांद्यांची, म्हणजे गोव्याकडच्या चवळीची, पातळ भाजी आणि पोया आम्हाला आणून दिल्या. खोबऱ्याचे वाटण ताजे होते, त्यात त्रिफळांचा वास होता. हाच पदार्थ त्यांनी यादीत का घेतलेला नाही, ते समजत नाही. कदाचित तो स्वस्त दिसतो म्हणून. मागच्या अंगणात विहिरीला लागून त्यांनी निळ्या फरश्यांचा एक चिमुकला तलाव बांधला आहे, ज्यात दोन माणसे बसली की तो भरतो. घराच्या बाकी भागाशी एवढ्या संयमाने वागलेल्या माणसांनी येथेच हात का सैल सोडला? विहीर झाकून तिच्यावर काच बसवण्याचाही बेत आहे म्हणे. तो रद्द व्हावा.

खर्चाबद्दल लिहायला हवे. पावसाळ्यात दर उतरलेले असतात, तरीही भाडे दर रात्री ७५०० रुपयांच्या वर होते आणि त्यामुळे त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागला. त्या पैशांत कोलव्याकडे किंवा कळंगुटला मोठे पोहण्याचे तलाव आणि भरगच्च न्याहारी असलेली हॉटेले मिळतात. ज्यांना ते हवे त्यांनी तिकडेच जावे. येथे पैसे मोजायचे ते एका नीट राखलेल्या घरात, बरे म्हणण्याजोग्या शांततेत, शहराच्या मधोमध झोपण्याचे. सकाळी पायी पाटोचा पूल ओलांडून १८३२ साली स्थापन झालेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसता येते, आणि दुपारी पुन्हा खिडकीतल्या बैठकीवर येता येते. मला ते वाजवी वाटले. माझ्या यजमानांचे, म्हणजे नवऱ्याचे, मत वेगळे आहे. त्यांच्या मते मावशीकडे हेच सगळे विनामूल्य मिळते, वर जेवणही.

मावशीला कळायचे ते कळलेच, कारण चॅपेलसमोर तिची सून भेटली. पण त्याहून मोठी चर्चा घरी परतल्यावर सुरू झाली. आमच्या मूळ घराचा वाटणीखटला फोंड्याच्या न्यायालयात रेंगाळलेला आहे. त्यातला एक चुलतभाऊ मुंबईत हॉटेल व्यवसायात असतो. मी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटात टाकलेली छायाचित्रे पाहून त्याने प्रस्ताव मांडला की आपणही सर्वांनी मिळून घर भाडेपट्ट्याने द्यावे. राजांगण आहे, तुळस आहे, बाजूला माडापोफळींचे कुळागर आहे, लोक पैसे देतील. मी भिंती, जिना आणि विहीर यांच्याबद्दल जे पाहिले ते सविस्तर लिहून कळवले, आणि लहान मुलांना घ्यायचे नसेल तर तसे स्पष्ट सांगण्यात गैर नाही, असेही लिहिले. त्यावर दोन दिवस वाद झाला. दिल्लीतल्या पुतणीला नियम मान्य होता, माझ्या नणंदेला अर्थातच नव्हता, आणि बाकीच्यांना भाडे किती येईल एवढेच जाणून घ्यायचे होते. शेवटी मोबाइल क्वचितच हातात घेणाऱ्या थोरल्या काकीने नातवाकडून निरोप लिहून घेतला की वर्षभर कुणालाही ठेवा आणि कुणालाही अडवा, पण चतुर्थीचे दिवस घर रिकामे करून मिळाले पाहिजे आणि तेव्हा सगळी मुले तिथे झोपतील. ही अट आतापर्यंत सर्वांनी मान्य केली आहे. भाड्याचा आकडा अजून ठरायचा आहे.